नववी ब, पट ६७ आणि एक गोलकीपर: इंग्रजीच्या तासाचं एक प्रकरण

वर्ग माझाच आहे. कोल्हापुरातली अनुदानित, मराठी माध्यमाची शाळा, नाव सांगत नाही, पोरांची नावं तर अजिबातच नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये नववी ब माझ्याकडे आली, पट ६७. बाकं चौवीस, म्हणजे एका बाकावर तिघं आणि कुठंतरी दोघं, दप्तरं खाली पायात, मधून चालायचं म्हटलं की मी तिरकी होऊन चालणार. वरती पत्रा. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला की पहिल्या बाकालासुद्धा माझा आवाज जात नाही, शेवटच्या बाकाचं तर सोडाच.

अ तुकडी सेमीची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, त्यामुळं आठवीतच जी पोरं जरा बरी वाटतात ती तिकडं जातात आणि ब मध्ये "बाकीची" येतात असा सगळ्यांचा समज. समज यासाठी म्हणतेय की बाकीची म्हणजे सगळी सारखी, असं बिलकुल नसतं. ह्या ६७ मध्ये कोण कोण होतं बघा. पेठांतली पोरं, ज्यांचं सगळं आयुष्य तालमीभोवती आणि फुटबॉलभोवती फिरतं. शिरोली-उचगाव बाजूनं बसनं येणारी, ज्यांचे वडील फाउंड्रीत शिफ्टला जातात. तीन पोरं उत्तरेकडून आलेल्या कामगारांची, घरात भोजपुरी, शाळेत मराठी, दोन्हीच्या मधे हिंदी. इंग्रजी माध्यमातून परत आलेली दोघं, लॉकडाऊनमध्ये धंदा बसला, फी झेपेना म्हणून आमच्याकडं आली, ती इंग्रजी फाडफाड बोलतात आणि मराठीत "आमची सहल" लिहायला सांगितलं की रडकुंडीला येतात. आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी खरं तर सेमीला जायची पण घरच्यांनी "नको, झेपायचं नाही" म्हणून इकडं ठेवली. तिच्याबद्दल पुढं सांगते, कारण तिनंच मला नंतर चांगलं झापलंय.

आता हिशोब. तास ३५ मिनिटांचा. म्हणजे २१०० सेकंद, भागिले ६७, एका पोराला ३१ सेकंद. ते पण हजेरी नाही, फळा पुसणं नाही, "म्याडम पाणी पिऊन येऊ" नाही असं धरलं तर. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० पोरांमागं एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मागं एक असं लिहिलंय, नववी त्या कायद्यात येतच नाही, त्यामुळं आमच्यासाठी आकडा म्हणजे संच मान्यतेत (शाळेला किती शिक्षक द्यायचे याची सरकारी मंजुरी) जे बसेल ते. बी.एड. ला मायकेल वेस्ट नावाच्या साहेबाबद्दल शिकवलेलं, ढाक्याला होता तो ब्रिटिशांच्या काळात, नंतर १९६० मध्ये त्यानं अवघड परिस्थितीत इंग्रजी कसं शिकवायचं यावर लिहिलं, आणि त्याच्या लेखी वर्गात ३० च्या वर पोरं म्हणजेच अवघड परिस्थिती. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. नववी ब मध्ये उभी राहिल्यावर तो साहेब एकदम आपला माणूस वाटायला लागला.

मी शिकवत कशी होते ते प्रामाणिकपणे सांगते. परिच्छेद वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, अवघड शब्द फळ्यावर, मग प्रश्न-उत्तरं, ती वहीत उतरवून घ्यायची. शेवटी "अंडरस्टूड?" आणि सगळा वर्ग एका सुरात "येस म्याडम!" हा येस म्याडम फार फसवा असतो. एक दिवस मी मुद्दाम वर्गात फिरत फिरत कान देऊन ऐकलं तर सुरात सुरात वाचणाऱ्यांत खरं वाचणारी डझनभर, बाकीची शेवटचा शब्द पकडून ओढणारी, भजनात टाळ वाजवणारे असतात तशी. माझे प्रश्न पण असे की उत्तर एकच आणि ते पुस्तकात अमुक ओळीत. हात वर करणारी तीच आठ-नऊ. मी पण त्यांनाच विचारायची कारण पोर्शन पुढं सरकतो ना.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या एका पोराला मी वाचायला उठवलं. उंच, हडकुळा, शाळेच्या टीमचा गोलकीपर. उभा राहिला, पुस्तक धरलं आणि गप्प. मी म्हटलं पहिला शब्द तरी वाच. पहिला शब्द होता "द". त्याला तो वाचता येईना. वर्ग हसला, मी वर्गाला ओरडले, त्याला बसवलं आणि पुढं गेले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा मी व्हरांड्यात सहज, रागात म्हणा, इंग्रजीतच विचारलं, "व्हाय वेअर यू ॲबसेंट यस्टर्डे?" आणि हा म्हणतो कसा, "यस्टर्डे मॅच म्याडम. वुई लॉस्ट. टू-वन. माय मिस्टेक."

मी तिथंच उभी राहिले. प्रश्न कळला, काळ कळला, उत्तर दिलं, कारण दिलं, वर चूक पण कबूल केली. माझ्या हात वर करणाऱ्या आठ-नऊ जणांतल्या निम्म्यांना हे असं समोरासमोर आलं नसतं. विचारलं कुठनं शिकलास, तर मोबाईलवरचा गेम, त्यात दुसऱ्या राज्यातली पोरं टीममध्ये असतात, त्यांच्याशी माईकवर बोलायचं, आणि मॅचची कॉमेंट्री. "मला येतंय म्याडम, खरं वाचाया येत न्हाई." (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: इथं "खरं" म्हणजे "पण".)

तिथून खऱ्या अर्थानं हे प्रकरण सुरू झालं.

आधी म्हटलं बघूया तरी कोण कुठं आहे. पोरांना वाचता येतं का ते गावोगावी जाऊन बघणाऱ्या 'असर'च्या सर्व्हेत इंग्रजी वाचनाची एक साधी शिडी असते, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, सोपे तीन अक्षरी शब्द, सोपी वाक्यं, आणि वाचलेल्याचा अर्थ कळतो का. ती खरं तर घरोघरी जाऊन करायची गोष्ट आहे आणि नववीसाठी फार सोपी आहे असं मला वाटलेलं, तरी तीच घेतली. मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या तासाला व्हरांड्यात खुर्ची टाकून रोज सहा पोरं. बारा दिवस लागले. निकाल असा: छोट्या अक्षरांवरच अडकलेली ४ (बी-डी आणि पी-क्यू यांत गोंधळ), शब्द येतात पण वाक्य नाही अशी १७, वाक्य वाचतात पण अर्थ विचारला की गप्प अशी २५, अर्थासकट वाचणारी २१. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ह्या सगळ्यांनी आठ-आठ वर्षं इंग्रजी "शिकलेलं" आहे. त्यातल्या चौघांना बी आणि डी वेगळं करता येत नाही. कोणाला दोष द्यायचा हा विषय बाजूला ठेवते, खालच्या वर्गातल्या बाई म्हणतील आमच्याकडं पण साठ होती, आणि त्या खोटं बोलणार नाहीत.

पण गोलकीपरमुळं मी एक जास्तीची गोष्ट केली, आणि ती केली नसती तर सगळं फुकट गेलं असतं. वाचून झालं की प्रत्येकाला पाच साधे प्रश्न तोंडी, इंग्रजीत. आज काय खाल्लं, घरी कोण कोण, शाळेला कसा येतोस, काल काय केलंस, काय आवडतं आणि का. एक शब्दाचं उत्तर पण चालेल. आणि ही दुसरी शिडी पहिलीशी जुळेचना! अर्थासकट वाचणाऱ्या २१ मधल्या पाच जणांनी तोंडच उघडलं नाही. वाक्य वाचणाऱ्यांतल्या नऊ जणांनी पण नाही. उलट शब्दांवर अडकलेल्यांतली सहा-सात जणं तुटकं-मुटकं का होईना बोलली, भोजपुरीवाल्या तिघांतला एक तर थांबेचना. आणि अक्षरांवर अडकलेल्या चौघांतला गोलकीपर, पाचपैकी चार.

मी त्या रात्री वहीत दोन रकाने केले, वाचतो आणि बोलतो, आणि बघत बसले. तोवर माझ्या डोक्यात हुशार-मध्यम-ढ अशी एकच रांग होती, जी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते, स्टाफरूममध्ये पण तीच भाषा. इथं तर एकच पोरगं एका रांगेत शेवटून चौथं आणि दुसऱ्या रांगेत पहिल्या दहात.

आता एवढं कळून पण मी पहिली चूक केलीच. ट्रेनिंगमध्ये सांगतात ना, स्तरानुसार गट करा, म्हणून वाचनाच्या निकालावरून चार गट केले आणि वेगवेगळ्या ठिकाणी बसवले. नावं दिली फुलांची, म्हणजे कुणाला कळू नये म्हणून. अर्ध्या दिवसात कळलं. मोगरा म्हणजे हुशार आणि झेंडू म्हणजे ढ हे सगळ्या शाळेला माहीत झालं, मधल्या सुट्टीत "ए झेंडू" अशा हाका सुरू. झेंडूतली दोन पोरं शाळेलाच येईनात. शिवाय चार गटांना चार कामं द्यायची म्हणजे ३५ मिनिटांत मी चार ठिकाणी पळतेय, तीन गट दंगा करतायत, शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन नुसते उभे राहायचे, काही बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं. दोन आठवड्यांत बंद केलं. नववीतलं पोरगं चौदा वर्षांचं असतं, त्याला सगळ्यांसमोर अक्षरं गिरवायला बसवलं तर ते इंग्रजी शिकणार नाही, ते तुमच्यावर डूख धरेल.

मग दुसरा प्रयोग, मिसळून बसवायचं. एका बाकावर तिघं, त्यात एक चांगलं वाचणारं, एक बोलणारं, एक कच्चं. हे कागदावर भारी दिसतं. प्रत्यक्षात पहिला महिना काय झालं तर हुशारानं लिहायचं आणि दोघांनी उतरवायचं, स्वल्पविरामासकट. तीन वह्यांत तीच चूक, तेवढ्यानं मला कळायचं की कुठल्या बाकाची वही आहे. आणि ऑक्टोबरमध्ये ती पहिल्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर आली आणि म्हणाली, "म्याडम, मी काय मास्तर हाय काय? रोज ह्यांस्नी सांगत बसतो, माझं कधी व्हायचं?" (आमच्या पोरी "मी सांगतो, मी जातो" असंच बोलतात, पुण्यात गेल्या की हसतात लोक त्यांना.) मी तिला समजावायला गेले की शिकवल्यानं आपलं पक्कं होतं वगैरे, तिनं ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी तिची आई आली. आईचं पण तेच म्हणणं, आवाज थोडा मोठा. आणि त्यांचं बरोबर होतं. माझ्याकडं दुसरा शिक्षक नव्हता म्हणून मी एका चौदा वर्षांच्या मुलीला बिनपगारी कामाला लावलं होतं आणि त्याला सहकार्य म्हणत होते.

दिवाळीच्या सुट्टीत विचार करून करून एक गोष्ट लक्षात आली. मी पोरांचे गट बदलत होते, बाकं बदलत होते, काम मात्र तेच देत होते, एक प्रश्न, एक उत्तर, आलं तर आलं नाहीतर बस खाली. तसल्या कामाला ज्याला येतं तो दोन मिनिटांत मोकळा आणि ज्याला येत नाही तो पस्तीस मिनिटं मोकळा. बदलायचं ते काम. सगळ्यांना सुरुवात एकच, पण शेवट ज्याचा त्याचा, जो जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत.

पहिलं असं काम फुटबॉलचं. फळ्यावर आठ वाक्यांची एका मॅचची बातमी लिहिली, माझ्या मनची, शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार, आमच्या इथल्या दोन तालमींच्या टीम. सगळ्यांसाठी पहिली पायरी: ह्यात असे किती शब्द आहेत जे तू मराठी बोलताना वापरतोसच? गोल, कॉर्नर, पेनल्टी, हाफटाइम, फाऊल, रेफ्री, कीपर. ते शोधून खाली रेघ. इथं गोलकीपर आणि कंपनी पहिल्यांदा पुढं. त्याला "पेनल्टी" वाचता येत नव्हतं पण त्या वाक्यात पेनल्टीच असणार हे त्याला कळत होतं, आणि एकदा कळलं की अक्षरं आवाजाला बसवून बघायची, उलट्या बाजूनं. दुसरी पायरी: कोण, कुठं, किती, एकेका शब्दात उत्तर. तिसरी: हीच बातमी गोलकीपरच्या तोंडून लिही, म्हणजे "ही" चं "आय" करायचं, पाच वाक्यं किंवा जमतील तेवढी. ज्यांना घाई त्यांच्यासाठी चौथी: ह्या बातमीवर दुसऱ्यांना विचारायला पाच प्रश्न तयार कर. ही चौथी पायरी पहिल्या बाकावरच्या मुलीसाठी होती, कारण प्रश्न बनवणं हे उत्तर देण्यापेक्षा अवघड, डू-डझ-डिड सगळं तिथं लागतं, आणि तिची पहिली पाचातली तीन वाक्यं चुकली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. वर्षात पहिल्यांदा तिला काहीतरी येत नव्हतं. खूष होती.

एक घोळ झाला. माझ्या बातमीत दिलबहार हरलं होतं. मला काय, मी आपली सहज लिहिलेली. अर्धा वर्ग पेटला, "म्याडम कुठल्या पेठेच्या?" तास संपल्यावर जिन्यात मारामारी होता होता राहिली. पुढच्या वेळेपासून सगळ्या मॅच १-१.

फुटबॉलवर मुली बाजूला पडतील अशी भीती होती, म्हणून मग शब्द गोळा करायचं काम सगळ्यांना दिलं, घरात, बाजारात, कारखान्यात जे इंग्रजी शब्द मराठीत सर्रास ऐकू येतात ते आणायचे, देवनागरीत लिहिले तरी चालतील. फाउंड्रीवाल्यांच्या पोरांनी काय खजिना आणला! कास्टिंग, मोल्डिंग, फर्नेस, फिटर, टर्नर, ओव्हरटाइम. मुलींनी पार्लर, थ्रेडिंग, मॅचिंग, फॉल-पिको, कुकर, मिक्सर. दवाखान्यातलं इंजेक्शन, ऑपरेशन, सलाईन. भिंतीवर कार्डशीट लावून पेननं लिहीत गेलो, दोनशेच्या वर गेले. मग त्यातली शेपटं बघायची. कास्टिंग, मोल्डिंग, थ्रेडिंग, पार्किंग सगळ्यांच्या शेवटी आय-एन-जी. फिटर, टर्नर, कुकर, मिक्सर, ड्रायव्हर सगळ्यांच्या शेवटी ई-आर, आणि मग कंडक्टर, डॉक्टर ओ-आर का म्हणून वाद. सगळ्यात जोरात चाललं ते टी-आय-ओ-एन. स्टेशन, ट्यूशन, ऑपरेशन, इंजेक्शन. चार अक्षरं मिळून "शन" हे एकदा डोक्यात बसलं की पुस्तकातले लांबलचक शब्द ज्यांना बघूनच पोरं डोळे मिटायची ते शेपटाकडून वाचायला लागली. शब्दांवर अडकलेल्या १७ मधल्या एकीनं "कम्युनिकेशन" वाचलं आणि स्वतःच दचकली.

मराठीचा वापर मी अजिबात बंद केला नाही, उलट उघड केला. एक उदाहरण देते. आमच्या पोरांचं "ही इज माय मदर" हे वाक्य किती वर्षं मी लाल शाईनं कापत होते. ह्या वर्षी एकाला विचारलं असं का लिहितोस रे, तर म्हणाला, "ही माझी आई, म्हणून ही." बरोबरच की! मराठीतली "ही" बाई आणि इंग्रजीतला "ही" बाप्या. आणि "शी" म्हटलं की नाक मुरडून हसायचं. हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं याची लाज वाटली. मग फळ्यावर दोन्ही "ही" शेजारी शेजारी लिहून एक तास नुसता त्याच्यावर घालवला, आणि त्या आठवड्यात वह्या तपासताना फक्त ही आणि शी बघितलं, बाकी एकाही चुकीला हात लावला नाही. ६७ वह्या दोन-दोन मिनिटं धरल्या तरी सव्वादोन तास होतात, त्यामुळं रोज एकच रांग आणि एका वेळी एकच चूक असा नियम केला. पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, ह्या वहीत एवढ्या चुका आणि तुम्ही सही कशी केली. सांगितलं. पटलं नाही त्यांना.

सगळं जमलं असं नाही. भिंतीवर उतारा लावून एकानं पळत जाऊन वाचायचा आणि दुसऱ्याला सांगायचा, ते डिक्टेशन कुठल्यातरी व्हिडिओत बघून केलं, आमच्या वर्गात मधून चालायलाच जागा नाही तर पळणार कुठनं, दोन पोरं पडली आणि गणिताचे सर परत दारात. मग बाकावरच करायला लागलो. मधल्याकडं उतारा, बाजूच्या दोघांनी त्याला विचारून लिहायचं, विचारायचं इंग्रजीतच, "से अगेन", "स्पेलिंग प्लीज", "स्लोली", ही तीन वाक्यं पाठ करून घेतली. आज मधला एक, उद्या दुसरा. कच्च्याला मधे बसवायचं तेव्हा आदल्या दिवशी त्याला उतारा देऊन ठेवायचा, म्हणजे तयारी करून येतो आणि त्या दिवशी बाकावरचा मास्तर तोच. इंग्रजी माध्यमातून आलेल्या दोघांना हे फार आवडलं, कारण बोलायचं त्यांना येतं पण स्पेलिंगची त्यांची पण बोंब होती, हे तोवर कुणाला कळलंच नव्हतं.

गाडीच्या वेळापत्रकाचं काम मात्र झकास झालं. १९७९ ते ८४ मध्ये प्रभूंनी बंगळूर, मद्रास अशा दक्षिणेतल्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला त्यात वेळापत्रकं, नकाशे अशी कामं होती एवढं आठवत होतं. मी महालक्ष्मी आणि कोयना एक्सप्रेसच्या वेळा फळ्यावर लिहिल्या, एक रात्री निघून सकाळी मुंबईत, दुसरी सकाळी निघून रात्री. प्रश्न: आजीचा मुंबईच्या दवाखान्यात सकाळचा नंबर आहे, तिला रात्री झोप येत नाही आणि मुंबईत राहायला नातेवाईक नाहीत, कुठल्या गाडीनं न्यायचं? कच्च्यातलं कच्चं पोरगं पण "महालक्ष्मी" म्हणू शकतं, आणि ज्याला येतं तो "बिकॉज" लावून कारण देतो. एकानं "कोयना" म्हटलं. आख्खा वर्ग त्याच्यावर. त्यानं शांतपणे सांगितलं, "लॉज. वन नाईट लॉज." तुटकं इंग्रजी, पण विचार केलेला होता. ह्या कामात चूक-बरोबर असं नसल्यामुळं त्या गप्प बसणाऱ्या चौदातली तिघं त्या दिवशी बोलली.

हे सगळं आठवड्याच्या सहा तासांतल्या दोनच तासांना, बाकीचे चार पोर्शन. पर्यवेक्षकांचा प्रश्न एकच असतो, कुठवर आलंय, आणि तो प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, कारण पुढच्या वर्षी ह्याच पोरांना बोर्डाचा ८० मार्कांचा लेखी पेपर आहे आणि त्यात माईकवर बोलायला मिळत नाही.

मार्चमध्ये तीच शिडी परत घेतली. दोन पोरं वर्षात शाळा सोडून गेलेली, राहिली ६५. अक्षरांवर अडकलेलं १, शब्दांवर ८, वाक्यावर २४, अर्थासकट ३२. तोंड न उघडणारी चौदातली सहा अजूनही तशीच. यातली किती माझ्यामुळं आणि किती नुसती वर्षभर मोठी झाली म्हणून, ते सांगता येणार नाही, शेजारी दुसरी नववी ब नव्हती ताडून बघायला. वार्षिकच्या मार्कांत तर फार फरक नाही, पहिल्या सत्रात इंग्रजीत १४ नापास होती, वार्षिकला ११. हेडसर म्हणाले, एवढ्या दंग्याचे तीनच? मी म्हटलं तीन.

राहिला गोलकीपर. त्या ११ मध्ये तो आहे. वार्षिकच्या पेपरात पत्राचा प्रश्न होता, पाच मार्क, आजारी पडलेल्या मित्राला पत्र. त्याचा पेपर तपासायला घेतला तर पत्र होतं, चांगलं पाऊण पान, सगळं देवनागरीत. "डिअर फ्रेंड, हाऊ आर यू? आय हर्ड यू आर इन हॉस्पिटल. डोन्ट वरी. अवर टीम इज वेटिंग. आय ॲम कीपिंग युवर बूट्स." वाचता वाचता मला हसू पण आलं आणि पोटात पण कालवलं. इंग्रजी आहे, अक्षर इंग्रजी नाही. किती द्यायचे? नियमानं शून्य. मी दोन दिले. मॉडरेशनला दुसऱ्या मॅडमनी विचारलं हे दोन कशाचे, मी म्हटलं बुटांचे, त्यांनी खोडून शून्य केलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर बहुतेक तेच केलं असतं.

निकालाच्या दिवशी त्याला पेपर दाखवला आणि सांगितलं की दहावीला असलं चालणार नाही बाबा. म्हणाला, "म्हायतंय म्याडम, खरं वेळ कमी हुता आन् सांगायचं लई हुतं." फेरपरीक्षेत निघाला आणि ह्या वर्षी दहावी ब मध्ये आहे, पट आता ७१. जूनपासून मधल्या सुट्टीत रोज पाच शब्द घेऊन येतो, त्याचे तोच निवडतो, मी फक्त बघते. काल "गोलकीपर" लिहून आणलेला. कीपमधला एक ई खाल्लेला. मी बोट ठेवलं तर म्हणतो, "दोन हाईत व्हय त्यात? बोलताना एकच वाटतंय की."